बरणीतली उल्हास

(जांभूळ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची माझी भेट एकदाच झाली. २००५ चा ऑगस्ट होता. २६ जुलैचा पूर ओसरून आठवडा-दीड आठवडा झाला असेल. बदलापुरात आमच्या घरात छातीभर पाणी शिरून गेलं होतं. मी पदर खोचून भिंत खरवडत होते आणि हे गृहस्थ हातात टेप, खडू आणि वही घेऊन दारात उभे. पाणी कुठवर चढलं ते घरोघर जाऊन मोजत होते. आमच्या भिंतीवरच्या रेघेची उंची त्यांनी लिहून घेतली, मग खाली वाकून गाळ चिमटीत धरला आणि म्हणाले, "बाई, दारातला गाळ वेगळा आणि देवघरातला वेगळा. बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं. आठवडाभर तो गाळ उपसत होते, पण बघितला नव्हता. दारात भरड रेती होती, तळव्याला टोचणारी. मधल्या खोलीत बारीक वाळू. आणि अगदी आत, देवघराच्या कोपऱ्यात, लोण्यासारखा चिखल, बोटांत धरला तर कण म्हणून काही लागायचाच नाही. एकच पूर, एकच दार, एकच रात्र. "नदीने चाळून ठेवलाय," एवढं बोलून गुरुजी शेजारच्या घरी गेले.

नदी कशी चाळते? तिच्याकडे चाळण कुठली? हा प्रश्न मी तेव्हा कुणाला विचारला नाही. इतिहास शिकवणाऱ्या बाईने तो विचारायचा असतो, हेच मला ठाऊक नव्हतं. आज त्या प्रश्नाबद्दल बोलायला मी इथे उभी आहे, गुरुजींच्याच गावात, त्याच उल्हास नदीच्या काठावर.

माझ्या पिढीत दहावीचा निकाल लागला की एका दुपारी माणसाची वाटणी होऊन जायची. गणितात इतके मार्क असतील तर सायन्स, त्याखाली कॉमर्स, आणि उरलेले, विशेषतः उरलेल्या मुली, आर्ट्सला. माझ्या शाळेत एका शिक्षकांनी माझी गुणपत्रिका बघून सांगितलं, "तुझं डोकं गोष्टींचं आहे, आकड्यांचं नाही." त्यांना माझं वाईट करायचं नव्हतं. पण ते वाक्य मी पस्तीस वर्षं जपलं. दुधाचा हिशोबही नवऱ्याकडे दिला. आणि गोष्टींवर मात्र मनापासून प्रेम केलं. इतिहास शिकले, शिकवला, अजूनही तो माझा विषय आहे. आज मी जे सांगणार आहे ते इतिहास सोडून पदार्थविज्ञानाकडे गेलेल्या बाईचं सांगणं नाही. इतिहासाच्याच दाराने मी तिथे शिरले.

ते दार उघडलं दामोदर धर्मानंद कोसंबींनी. कोसंबी गणिती. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित केलेला हा माणूस प्राचीन नाण्यांकडे वळला, तेव्हा नाण्यांवरची चिन्हं वाचण्याआधी त्याने काय केलं, तर त्यांचं वजन केलं. एक-दोन नव्हे, हजारो. तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत नाणी घेऊन अतिशय नाजूक तराजूवर एकेक तोलली. त्यामागचा विचार साधा आहे. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. जे जास्त वर्षं बाजारात फिरलं ते सरासरीने हलकं. म्हणजे वजन नीट घेतलं तर कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे लेख नसतानाही सांगता येतं. मी वर्गात कोसंबी अनेक वर्षं शिकवत होते. त्यांचे निष्कर्ष फळ्यावर लिहीत होते. एकदा एका विद्यार्थ्याने विचारलं, "बाई, नाणं हातातून जाताना किती झिजतं, ते त्यांना कसं कळलं?" मी म्हटलं, ते गणित आहे, आपल्या अभ्यासक्रमात नाही. घरी जाताना लोकलमध्ये मला त्या उत्तराची लाज वाटली. पुरावा तपासल्याशिवाय बखरीवरसुद्धा विश्वास ठेवू नका असं मुलांना शिकवणारी मी, आकडा आला की डोळे मिटून घेत होते.

मग मी वाचायला लागले. वय बावन्न. कृष्णविवरं, महास्फोट, पुंज सिद्धान्त, सापेक्षता, जे मराठीत मिळालं ते सगळं. जयंत नारळीकरांची पुस्तकं तर पारायण करावं तशी वाचली. याच सुमारास वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला गेले. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, त्या सुमारास उभं राहिलेलं हे मंडळ. मुंबईच्या दिव्यांपासून लांब म्हणून त्यांनी आपल्या या कर्जत मार्गावरचं वांगणी निवडलं, आणि नोकरी-धंदा करणारे लोक शनिवारची रात्र जागून तिथे अनोळखी माणसांना आकाश दाखवतात. थंडीत शाल गुंडाळून मी दुर्बिणीला डोळा लावला आणि देवयानी दीर्घिका पाहिली. पुसट, फुंकर घातलेल्या राखेसारखा डाग. पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर. ते प्रकाशकण निघाले तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

महिनाभर भेटेल त्याला मी हे सांगत होते. शेवटी माझ्या भाच्याने शांतपणे विचारलं, "मावशी, पंचवीस लाखच कशावरून?"

पुन्हा तोच प्रश्न, आणि पुन्हा माझ्याकडे उत्तर नाही. एवढी पुस्तकं वाचून माझ्या पदरात काय पडलं होतं? नावं. आपल्याकडे निवळीचं झाड आहे, संस्कृतात त्याला कतक म्हणतात. त्याचं बी उगाळून गढूळ पाण्यात घातलं की पाणी निवळतं. पण नुसतं कतकाचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त जुन्या ग्रंथांत येतो. मी तेच करत होते. पुंज म्हणत होते, महास्फोट म्हणत होते, आणि माझ्या हंड्यातलं पाणी होतं तितकंच गढूळ.

सांगण्यासारखं खरं म्हणजे इथून पुढेच आहे.

त्यानंतरच्या जुलैत मी लोणच्याची मोठी काचेची बरणी घासून स्वच्छ केली, उल्हासचं पुराचं पाणी तिच्यात भरलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. बाहेरून आलेखाच्या कागदाची पट्टी चिकटवली. हातात घड्याळ. पाणी ढवळून सोडलं की रेती श्वास घ्यायच्या आत तळाला. बारीक वाळू मिनिटभरात. मग नुसता तपकिरी चहा. तो चहा तसाच. तासाने तसाच, संध्याकाळी तसाच, दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं बोटभर पाणी जरा उजळ, बस. माझ्या देवघरातला गाळ त्या चहात होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पुराचं पाणी दारातून आत आलं, मंद झालं. ज्याला पडायला सेकंद लागतो ते दारातच पडलं. ज्याला तास लागतात ते पाण्याबरोबर आत गेलं आणि पाणी थांबल्यावर कोपऱ्यात बसलं. नदीची चाळण वेळेची होती.

पण किती वेळ? त्यासाठी सूत्र लागतं. ते सूत्र जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या केंब्रिजच्या प्राध्यापकाचं. पाण्यात कण पडत असतो तेव्हा त्याचं वजन त्याला खाली ओढतं आणि पाण्याचा चिकटपणा त्याला अडवतो. दोन्ही तुल्यबळ झाले की कण एका ठरावीक वेगाने खाली जातो. हा वेग कणाच्या त्रिज्येच्या, म्हणजे सूत्रातल्या 'आर'च्या, वर्गाच्या प्रमाणात असतो. एवढंच सूत्र. मी तीन दिवस ते वहीत लिहीत होते आणि माझं उत्तर प्रत्येक वेळी चुकत होतं. शेजारची अकरावी सायन्सची मुलगी साखर मागायला आली, तिने वहीत डोकावलं. "काकू, आरचा वर्ग आहे. तुम्ही आरला दोनने गुणलंय." मी पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने ओट्यावरच, पिठाच्या डब्याशेजारी, मला वर्ग म्हणजे काय ते दाखवलं: दुप्पट जाडीचा कण चौपट वेगाने पडतो, दहापट जाडीचा शंभरपट, शंभरपट जाडीचा दहा हजारपट. मी नववीचं बीजगणित पुन्हा काढलं. घातांक, प्रमाण, दहाचे ऋण घात. दोन महिने गेले. आणि एका दुपारी माझ्या हाताने आकडा आला. एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा मातीचा कण पाण्यात सेकंदाला साधारण एक मायक्रॉन खाली जातो. सेकंदाला स्वतःच्या अंगाएवढा. एक मीटर खोल पाणी असेल तर त्याला तळ गाठायला साडेअकरा दिवस. आणि शंभरपट जाडीची बारीक वाळू? दहा हजारपट वेग, सेकंदाला जवळपास एक सेंटीमीटर. प्रत्यक्षात थोडा कमी भरतो, कारण एवढ्या वेगाला स्टोक्सचं सूत्र आपल्या मर्यादेवर येतं.

कागदावरचा तो एक सेंटीमीटर आणि बरणीतल्या पट्टीवरचा एक सेंटीमीटर जुळले, तेव्हा जे झालं ते देवयानी पाहून झालं नव्हतं. देवयानी मला कुणीतरी दाखवली होती. हा आकडा मी काढला होता आणि नदीने हो म्हटलं होतं.

इतिहासवाल्याला सूत्र कधी नुसतं दिसत नाही. ते कुणी काढलं, कशासाठी काढलं, हे कळल्याशिवाय माझा पाय पुढे पडेना. स्टोक्सचा निबंध छापला गेला १८५१ साली. त्याच वर्षी ३ जुलैला पुण्यात बुधवार पेठेत, चिपळूणकरांच्या वाड्यात, जोतिराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. ती तारीख मी जन्मभर शिकवली, आणि आता तिच्या शेजारी ही दुसरी नोंद लिहून ठेवली. स्टोक्सच्या डोक्यात चिखल नव्हता, लंबक होता. लंबकाच्या झोक्यावरून गुरुत्वाकर्षण मोजत, आणि हवा त्या लंबकाला किंचित अडवते त्याची दुरुस्ती कशी करायची, हा प्रश्न होता. त्याच निबंधात त्याने जाता जाता ढगाचं कोडंही सोडवलं. पाणी हवेपेक्षा जड, मग ढग पडत का नाहीत? पडतात. पण ढगातला शतांश मिलिमीटर त्रिज्येचा थेंब सेकंदाला सव्वा सेंटीमीटरच पडतो, आणि वर जाणारी जराशी हवाही त्याला झेलून धरते. पावसाळ्यात चंदेरीच्या सुळक्याला अडकून बसलेला ढग आपण सगळेच बघतो. मी आता त्याच्याकडे बघते तेव्हा मला तो पडताना दिसतो.

आता तुरटीकडे येते. माझी आजी पावसाळ्यात तांब्याच्या हंड्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा गोल फिरवायची आणि झाकण ठेवायची. सकाळी पाणी निवळशंख. साडेअकरा दिवसांचं काम एका रात्रीत कसं? मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, जवळ येऊन गोळा होत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारतं, आणि स्वतः पाण्यात जेलीसारखं होऊन कणांना गुंतवतं. कणांचे पुंजके होतात. पुंजका भुसभुशीत असतो, पण जाडीने शेकडो पट. आणि वेग जाडीच्या वर्गाने वाढतो! आजीला स्टोक्स माहीत नव्हता, पण खडा किती वेळा फिरवायचा आणि मग हात लावायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. जास्त घुसळलं तर पुंजके फुटतात.

तुमच्या गावात हेच काम केवढ्या प्रमाणावर चालतं ते तुम्ही रोज बघता. एमआयडीसीचं जलशुद्धीकरण केंद्र जांभूळला आहे, आणि इथून निवळलेलं पाणी आजूबाजूच्या शहरांत आणि कारखान्यांत जातं. अशा केंद्रांत आजीच्याच पायऱ्या असतात: तुरटीसारखं रसायन घालून आधी जोरात ढवळणं, मग हळुवार ढवळणं, मग मोठ्या टाकीत निवांत ठेवणं, वाळूच्या थरातून गाळणं आणि शेवटी क्लोरीन. पुंजका सेकंदाला अर्धा-एक मिलिमीटर पडतो असं धरा, तर तीन मीटर खोल टाकीला तास-दीड तास लागतो. मुलांनो, हा हिशोब तुम्ही आज रात्री घरी करू शकता. टाकी किती मोठी हवी, हे या एका भागाकारावर ठरतं.

मला ज्या गोष्टीने खरं वेड लावलं ती यापुढची. बरणीतला चहा खूप दिवस ठेवला, तरी अगदी बारीक कण सगळेच्या सगळे खाली बसत नाहीत. का? कारण पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के मारत असतात. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊनला सूक्ष्मदर्शकाखाली परागातले कण नाचताना दिसले होते, आणि १९०५ मध्ये आईन्स्टाईनने त्या नाचाचा हिशोब मांडला. तोपर्यंत विल्हेल्म ओस्टवाल्डसारखे मोठे रसायनशास्त्रज्ञसुद्धा म्हणत की अणू ही सोयीची कल्पना आहे, खरी वस्तू नव्हे. १९०८ मध्ये पॅरिसच्या ज्याँ पेरॅंने तो वाद मिटवायला काय घेतलं? चित्रकार वापरतात तो पिवळा रंग, गॅम्बोज. आपल्या कोकमाच्याच कुळातल्या एका झाडाचा हा चीक. त्याचे एकसारखे बारीक गोळे त्याने निवडून काढले, पाण्यात सोडले, सूक्ष्मदर्शक लावला आणि मोजायला बसला. तळाशी शंभर गोळे असतील तर ३० मायक्रॉन वर ४७, आणखी ३० वर २३, आणखी ३० वर १२. दर ३० मायक्रॉनला संख्या निम्मी.

आता आपली हवा बघा. डोंगरावर हवा विरळ होते. साधारण दर साडेपाच किलोमीटरला ती निम्मी होते. नियम तोच. फरक एवढाच की गॅम्बोजचा गोळा हवेच्या रेणूपेक्षा फार जड आहे, म्हणून त्याचं निम्मं होणं फार थोड्या उंचीत आटोपतं. साडेपाच किलोमीटरला ३० मायक्रॉनने भागा. सुमारे १८ कोटी. म्हणजे पाण्यात त्या गोळ्याचं जे वजन भरतं, ते हवेच्या रेणूच्या १८ कोटी पट. गोळ्याची त्रिज्या काढायला पेरॅंने स्टोक्सचं तेच सूत्र वापरलं, गोळे किती वेगाने खाली बसतात ते बघून. त्रिज्येवरून वजन, आणि वजनाला १८ कोटीने भागलं की रेणू तोलला! कोसंबींनी नाणी तोलली, तसाच. ओस्टवाल्डने १९०९ मध्ये आपलं म्हणणं मागे घेतलं. पेरॅंना १९२६ चं नोबेल मिळालं. मला तो भागाकार रात्री अकरा वाजता जमला आणि मी नवऱ्याला उठवून दाखवला.

मोठ्या वयात असं काही सुरू केलं की लोक धीर द्यायला मोठी नावं सांगतात. लुई द ब्रॉग्लीने आधी इतिहासाची पदवी घेतली, मग १९२४ च्या प्रबंधात द्रव्याच्या लहरी मांडल्या आणि १९२९ मध्ये नोबेल मिळवलं. एडवर्ड विटनने १९७१ मध्ये इतिहासात पदवी घेतली आणि भौतिकशास्त्रज्ञ असून १९९० मध्ये गणिताचं फील्ड्स पदक मिळवलं. खरं आहे सगळं. पण ते दोघे विशी-पंचविशीत वळले, आणि मला त्यांच्यासारखं काही शोधायचं नाही. मला जवळचे वाटतात ते मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. शाळाखात्यातली मास्तरकी करत, संस्कृत ग्रंथ आणि आकाशाचं गणित यांची सांगड घालत, त्यांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, १८९६ साली, आणि दोन वर्षांनी गेले. त्यांनी नुसते ग्रंथ वाचून मतं दिली नाहीत, जुन्या ग्रंथांतले ग्रहांचे आकडे स्वतः करून पाहिले. शब्द आणि संख्या एकाच वहीत मांडणारा असा माणूस आपल्या भाषेत होऊन गेलाय, आणि आपण दहावीच्या निकालाच्या दुपारी मुलामुलींच्या वह्या वेगळ्या करतो. याचा मला राग येतो. आजही येतो.

शेवटी बरणीकडे येते, कारण तिचं अजून संपलेलं नाही. माझ्या हिशोबाने बरणीतल्या वीतभर पाण्यातून एक मायक्रॉनचे कण अडीच-तीन दिवसांत खाली बसायला हवेत. सहाव्या दिवशीही पाणी धुरकट होतं. मी हिशोब तीनदा तपासला. मग लक्षात आलं की खिडकीत सकाळचं ऊन बरणीच्या एका अंगाला लागतं. त्या बाजूचं पाणी तापून वर चढतं, दुसऱ्या बाजूचं खाली उतरतं, आणि बसत आलेला गाळ रोज सकाळी पुन्हा उठतो. म्हणून यंदा बरणी जिन्याखाली, पोत्याने झाकून, अंधारात ठेवली. उन्हाचा भाग गेला. तरीही माझा आकडा आणि पाण्याचा आकडा जुळत नाही. कदाचित यातले पुष्कळ कण मायक्रॉनच्या निम्मे असतील, म्हणजे चौपट वेळ. कदाचित मातीचे कण गोल नसून पापुद्र्यासारखे चपटे असतील, आणि स्टोक्सने तर गोळे धरले होते.

ती बरणी मी आज बरोबर आणली आहे, तिकडे गुरुजींच्या फोटोशेजारी ठेवली आहे. रिक्षातून येताना ती हिंदकळली, त्यामुळे आता सात वाजता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली आहे. पट्टी लावलेली आहे. व्याख्यानमालेच्या मंडळाने ती महिनाभर इथेच ठेवायचं कबूल केलंय. मुलांनो, रोज शाळेत जाताना स्वच्छ पाण्याची रेघ कुठवर उतरली ते शेजारच्या वहीत लिहा, तारीख आणि वेळ घालून. बरणी कुणी हलवू नका.